अकरा वर्षांनंतरची फिर्याद

शेजारच्या मावशींच्या मुलाला पोलिसांनी नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०२५. मुलगा पंधराचा. दोन मित्रांबरोबर कुणाचीतरी दुचाकी नेली होती. अठराखालच्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्याय मंडळाने त्याला निरीक्षणगृहात ठेवायला सांगितलं होतं. लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात. मावशींना माझ्याकडून एवढंच हवं होतं, "तू होतास ना रे लहानपणी तसल्या ठिकाणी? आत कसं असतं? मारत तर नाहीत ना?"

मी म्हटलं, "नाही मावशी. जेवण वेळेवर देतात."

मावशी जरा हलक्या होऊन गेल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही. अकरा वर्षं मी गप्प होतो, आणि ते माझ्यापुरतं आहे असं धरून चाललो होतो. आता मी एका आईला खोटं सांगितलं होतं आणि तिचं पोर आत होतं.

मी विक्रोळीत राहतो, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. नाव लिहीत नाही. पीडिताची ओळख उघड करायला पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदाच मनाई करतो, आणि मला ती आडोशाची जागा हवी आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात मी मामाकडे गेलो होतो, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या पोरांबरोबर मोबाईल चोरीत सापडलो. चोरी केली होती, ते नाकारत नाही. जामीनदार मिळेपर्यंत, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, तिथल्या निरीक्षणगृहात होतो. आत काय झालं ते मी फिर्यादीत आणि दंडाधिकाऱ्यांपुढे सांगितलं आहे, इथे सांगणार नाही. इतकंच की दोन काळजीवाहक होते, त्यांच्या जिवावर दादागिरी करणारा एक मोठा मुलगा होता, माझा डावा हात मोडला, आणि हात मोडला ते त्यातल्या त्यात सोसण्यासारखं होतं.

तक्रार का केली नाहीस, हे मला पुढे खूप जणांनी विचारलं. अधीक्षकांच्या खोलीबाहेर भिंतीला एक लाकडी तक्रारपेटी होती. तिच्यासमोर खुर्ची टाकून त्या दोघांपैकी एक जण बसायचा. मंडळासमोर तारखेला नेताना जीपमध्ये शेजारी तोच. मंडळाच्या सदस्य बाई चांगल्या होत्या, "काही त्रास आहे का बाळा?" असं विचारायच्या, पण तो मागे उभा असताना विचारायच्या. आजच्या कायद्यात मंडळाने महिन्यातून एकदा तरी निरीक्षणगृहाला भेट द्यावी असं स्पष्ट लिहिलं आहे. माझं त्यावर एकच मागणं आहे. भेट देणाऱ्याने मुलाला कर्मचाऱ्यांच्या नजरेआड, एकट्याला बसवून विचारावं. तसं विचारणार नसाल तर त्या भेटीत मुलगा काहीही सांगणार नाही.

असं विचारणारे लोक असतात, हे मला २०१८ साली कळलं होतं. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने बिहारमधल्या शंभराहून जास्त संस्थांची पाहणी केली आणि त्यातून मुझफ्फरपूरच्या मुलींच्या बालिकागृहातला प्रकार बाहेर आला. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यात एकोणीस जणांना दोषी ठरवलं. देवनारला माझ्या कंपनीची दोन कामं होती, त्या संस्थेच्या फाटकावरून मी बसने जायचो. वाटायचं, उतरावं आणि आत जाऊन म्हणावं, मलाही विचारा. उतरलो नाही कधी.

मावशी येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मी १५१०० ला फोन लावला. हा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक. मी म्हटलं, एका ओळखीच्या मुलाबद्दल विचारायचंय. तिकडच्या बाईंनी ओळखीच्या मुलाचं वय विचारलं. मी म्हटलं, सव्वीस. त्यांनी पुढे काही खोदलं नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात प्रत्यक्ष या म्हणाल्या. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मुलांना आणि स्त्रियांना कमाई न बघता मोफत वकील मिळतो, निरीक्षणगृहात असलेल्यालाही मिळतो. मी आता मोठा पुरुष, म्हणून माझ्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला. महाराष्ट्रात मर्यादा वर्षाला ३ लाखांची आहे. माझा पगार महिना २२ हजार, त्यात बसलो. दाखला तहसीलदार कार्यालयातून काढायला तीन खेटे पडले.

ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी पहिल्या दिवशी फक्त ऐकून घेतलं. मी अर्धंमुर्धं बोललो. दुसऱ्या भेटीत त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि मध्ये उभी रेघ मारली. एका बाजूला बंद झालेली दारं, दुसऱ्या बाजूला उघडी.

बंद दारं ऐकताना जीव कासावीस झाला. कायदा तो लागतो जो घटनेच्या दिवशी अमलात होता. २०१४ मध्ये २००० सालचा बाल न्याय कायदा होता. ताब्यातल्या मुलाशी क्रूर वागण्याला त्यात फार तर सहा महिन्यांची शिक्षा होती, आणि एवढ्या छोट्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला एक वर्षाची मुदत असते. म्हणजे ती २०१५ मध्येच संपली. तेव्हा मी सोळाचा होतो आणि रात्री दिवा लावून झोपत होतो. मानवी हक्क आयोगाकडे जायची मुदतही घटनेपासून एक वर्ष. दिवाणी दावा लावून नुकसानभरपाई मागायची, तर अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेल्या गोष्टीची मुदत अठरा पूर्ण झाल्यावर मोजायला लागतात खरी, पण त्या सवलतीने ती तीन वर्षांपलीकडे ताणता येत नाही. मी एकवीसचा झालो त्याच वर्षी तेही दार लागलं. त्या वर्षी टाळेबंदी होती, आणि असं काही दार आहे हेच मला माहीत नव्हतं.

उघड्या बाजूला मॅडमनी पहिलं लिहिलं, पोक्सो. हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, म्हणजे माझ्या वेळी होता. तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. निरीक्षणगृहाच्या कर्मचाऱ्याने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार हा त्यात वेगळा, जास्त गंभीर गुन्हा धरला आहे, आणि रिमांड होम, निरीक्षणगृह हे शब्द थेट कलमात आहेत. मी ते कलम मॅडमच्या पुस्तकातून तीनदा वाचलं. आमच्यासारख्या पोरांचा कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता. सगळ्यात गंभीर प्रकाराला तेव्हा किमान १० वर्षांची शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती २० झाली, पण माझ्या प्रकरणात जुनीच लागणार. आणि मुख्य म्हणजे मुदत नाही. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला फौजदारी कायद्यात मुदतच घातलेली नाही. लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार मोठेपणी, कोणत्याही वयात करता येते, हे केंद्राच्या विधी खात्यानेही २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसरं लिहिलं, हात. हाड मोडणं म्हणजे भारतीय दंड संहितेत 'जबर दुखापत', शिक्षा सात वर्षांपर्यंत, मुदत नाही. नुसत्या मारहाणीचे वळ कधीच बाद झाले होते. मोडलेला हात अजून चालत होता.

तिसरं, उच्च न्यायालय. राज्याच्या ताब्यात असताना हक्क मोडले तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली भरपाई मागता येते. मॅडमनी नीलाबती बेहेरा यांच्याबद्दल सांगितलं. ओडिशातली आई. मुलगा पोलिसांच्या ताब्यात असताना गेला, म्हणून तिने १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि १९९३ मध्ये राज्याने तिला दीड लाख द्यावेत असा निकाल दिला. "आपल्याकडे उशिराचा प्रश्न विचारतील," मॅडम म्हणाल्या, "म्हणून हे आत्ता नको. आधी गुन्हा नोंदवू." पोक्सोचं विशेष न्यायालयही भरपाईचा आदेश देऊ शकतं, खटला चालू असताना अंतरिमसुद्धा, पण तो अर्ज पुढचा.

आज एखाद्या मुलावर हीच वेळ आली तर? हे मी माझ्यासाठी नाही, मावशींच्या मुलासाठी विचारलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७५ आहे. संस्थेतल्या माणसाने क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. शिक्षा म्हणून मारलं तर कलम ८२, त्यात नोकरीही जाते. पण २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे या कायद्यातले गुन्हे अदखलपात्र करून टाकले. म्हणजे फक्त तेवढंच कलम असेल तर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपासच करू शकत नाहीत. मला हे पटलेलं नाही. आत बसलेलं पोर दंडाधिकाऱ्यांकडे कसं जाणार?

मग मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही तिथे होता, याचा कागद काय आहे?"

इथे मी अडकलो. माझं मोबाईल चोरीचं प्रकरण मंडळाने समज देऊन मिटवलं होतं. अशा मुलाला पुढे त्याचा डाग लागू नये म्हणून कायदा ती कागदपत्रं ठरावीक काळाने नष्ट करायला सांगतो. चांगला नियम आहे. त्याच्यामुळे मला नोकरी मिळाली, पोलीस पडताळणीत काही निघालं नाही. पण त्याच नियमाने मी तिथे होतो याचा पुरावाही पुसला. माहिती अधिकारात संस्थेकडे दाखल नोंदवही आणि आजारपणाची नोंदवही मागितली. तीस दिवसांनी उत्तर आलं, जुनं दप्तर मुदत संपल्याने नष्ट केलं. अपील केलं, तेच उत्तर. बाल न्याय मंडळात नकलेचा अर्ज दिला, तिथे फक्त नोंदवहीतली एक ओळ मिळाली. क्रमांक, तारीख, आणि 'समज देऊन मुक्त'.

तोवर आईला मी काही सांगितलं नव्हतं. ती दोन घरी पोळ्या करते, गुडघ्यांनी बेजार आहे. एका रविवारी मी सहज विचारल्यासारखं केलं, "आई, माझे तेव्हाचे काही कागद आहेत का गं?" तिने कोणते म्हणून विचारलं नाही. स्टुलावर चढायला लागली, मी तिला खाली बसवून स्वतः चढलो. माळ्यावर, पाहुण्यांच्या गाद्यांच्या मागे, साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी होती. तिच्यात जामिनाचा कागद होता. भेटीच्या चिठ्ठ्या होत्या, नऊ. प्रत्येकीवर तारीख आणि संस्थेचा शिक्का. एसटीची तिकिटं होती, अक्षरं उडालेली. सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता आणि एक्स-रेची काळी फिल्म.

मी फिल्म खिडकीसमोर धरली. आई म्हणाली, "जिन्यावरून पडलास म्हणून सांगितलं होतंस."

"हो."

"मला ठाऊक होतं. तू सुटून आल्यावर मी ही फिल्म इथल्या डॉक्टरला दाखवली. तो म्हणाला, पडल्यावर मनगट मोडतं. हे हाड असं मधोमध मोडतं ते वार अडवताना. हात असा वर धरला की." तिने स्वतःचा हात तोंडासमोर धरून दाखवला. "मी तुला विचारलं नाही रे. विचारलं असतं आणि तू सांगितलं असतंस, तर मी काय करणार होते? म्हणून कागद ठेवले."

बाकीचं मी तिला त्या दिवशी सांगितलं. सगळं नाही. ती ऐकत होती आणि तिकिटं तारखेप्रमाणे लावत होती.

जूनमध्ये आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. कोणतं ते लिहीत नाही. तीन तास बाकावर बसवलं. मग एका साहेबांनी अर्ज वाचला आणि पहिलं वाक्य बोलले, "ही आमची हद्द नाही." मॅडम सोबत होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी तपासाच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात द्यायची सोय आहे. नोंदवा आणि तिकडे पाठवा, झिरो एफआयआर. साहेब माझ्याकडे वळले. "अकरा वर्षं काय करत होतास? आणि तू मुलगा ना? ओरडता नाही आलं?" मी उठून बाहेर गेलो. फाटकाबाहेर चहावाल्याच्या गाडीला धरून उभा राहिलो. घरी जाऊन हे सगळं बंद करायचं ठरवलंही होतं.

त्या आठवड्यात रात्री मी १४४१६ ला फोन करत होतो. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. ज्याला असं काही आत घेऊन जगायचं आहे त्याने हा क्रमांक जवळ ठेवावा, कोर्टात जायचं असो वा नसो.

मॅडमनी पुढची पायरी घेतली. ठाण्याने नोंद नाकारली तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवता येते, मुंबईत ते परिमंडळाचे पोलीस उपायुक्त. तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोक्सोच्या गुन्ह्याची माहिती मिळूनही ती न नोंदवणं हाच गुन्हा आहे, हे एक वाक्य त्यांनी तक्रारीत ठळक घातलं. रजिस्टर पोस्ट, पोचपावतीसह. बाराव्या दिवशी फोन आला.

या वेळी एक महिला उपनिरीक्षक होत्या, साध्या कपड्यांत. दार लावून घेतलं, मोबाईल बाजूला ठेवला. पाच तास लागले. मी मध्ये थांबलो की त्या थांबायच्या. पण टाईप केलेला जबाब वाचायला दिला तेव्हा बऱ्याच गोष्टी बदललेल्या होत्या. मी म्हटलं होतं 'लाकडी दांड्याने', तिथे नुसतं 'मारहाण' होतं. 'कोठीघरात' म्हटलं होतं, तिथे 'संस्थेच्या आवारात' होतं. मॅडमनी आधीच बजावलं होतं, थकलात तरी शेवटची ओळ वाचल्याशिवाय सही करायची नाही. दोन्ही दुरुस्त करून घेतलं. जिथे आठवत नव्हतं तिथे आठवत नाही असंच लिहायला लावलं. उशीर का झाला याचा एक वेगळा परिच्छेद घातला, माझ्या शब्दांत. प्रत फुकट मिळाली, ती फिर्याद देणाऱ्याचा हक्क आहे. कलमं जुनी होती, भारतीय दंड संहितेची आणि पोक्सोची. तपासाची पद्धत मात्र १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेप्रमाणे.

फिर्यादीत किती नावं द्यायची, यावर मी कित्येक रात्री घातल्या. दोन काळजीवाहकांबद्दल मनात काही शंका नव्हती. पण तो मोठा मुलगा. आम्ही त्याला मॉनिटर म्हणायचो. माझे पाय त्याने धरले होते. त्याला मी तेव्हा राक्षस समजायचो. आता हिशेब केला तर तो सतरा वर्षांचा होता, आणि एकदा रात्री त्याला काळजीवाहकाच्या खोलीतून रडत बाहेर येताना मी पाहिलं होतं. ते मी इतकी वर्षं विसरून टाकलं होतं, जबाबाच्या तयारीत आठवलं. मॅडमना विचारलं, त्याला वगळू का? त्या म्हणाल्या, "जे घडलं ते सगळं सांगा. वगळलंत तर उद्या बचावाचा वकील तेच धरून बसेल. आणि त्याचं रडणंही सांगा." घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण नव्हते म्हणून तो आज जवळपास तिशीला आला असला तरी त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच जाईल. त्याला मोठ्यांच्या तुरुंगात टाकणार नाहीत. हे कळलं तेव्हा मी त्याचं नाव दिलं. बरोबर केलं का, हे अजून मनात घोळतं. त्याने जे केलं ते केलंच आहे. पण त्याच्यासाठीही कुणी फिर्याद द्यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, आणि माझ्या फिर्यादीतला तो परिच्छेद त्याच्या उपयोगी पडला तर मला हवंच आहे.

त्या वेळच्या पोरांपैकी दोघांचा पत्ता लागला. एक आता गाडी चालवतो, बायको-मुलं आहेत. फोनवर माझं नाव ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "भाऊ, माझ्या घरी हे कोणाला माहीत नाही. पुन्हा फोन करू नकोस." मी केला नाही. त्याच्यावर जोर करायचा मला काही अधिकार नाही, आणि कुणी केला तर मी आडवा येईन. दुसरा यायला तयार झाला.

ऑगस्टमध्ये दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब झाला, त्याच नव्या संहितेच्या कलम १८३ खाली. खोलीत पोलीस नव्हते. दंडाधिकारी बाईंनी आधी विचारलं, कुणी दबाव आणलाय का, पैसे देऊ केलेत का. मग म्हणाल्या, "पाणी घ्या, मग सुरू करा." मला वाटलं होतं मी तिथे कोसळणार. तसं झालं नाही. पोलिसांपुढे सांगून झालेलं होतं म्हणून असेल, पण शब्द आपोआप क्रमाने आले. वैद्यकीय तपासणीत शरीरावर दाखवण्यासारखं इतक्या वर्षांनी काही उरलं नव्हतं, पण हाताचा नवा एक्स-रे काढला आणि जुन्या फिल्मशेजारी लावला. हाड जिथे जुळलं तिथली गाठ दोन्हींत एकाच जागी आहे. मानसोपचार तज्ज्ञांचा अहवाल वेगळा जोडला.

राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही आम्ही अर्ज दिला. माझ्यासाठी नाही, आज तिथे असलेल्या मुलांसाठी, की ती जागा कुणीतरी जाऊन बघा. चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, तो कागदपत्रं आणि माणसं बोलावू शकतो. त्यांनी जिल्ह्याकडून अहवाल मागवला आहे.

मावशींना मी मार्चमध्येच खरं सांगितलं होतं. म्हटलं, मावशी, तेव्हा मी खोटं बोललो. भेटीला जाल तेव्हा बाकावर बोलू नका, आवारात चालत चालत विचारा. अंगावरचा शर्ट वर करून पाठ बघा, आईला कुणी अडवत नाही. त्याच्यासाठी मोफत वकील मागा, लगेच. त्याला पंधरवड्यात जामीन मिळाला. पाठीवर काही नव्हतं. मावशींनी ते मला जिन्यातच थांबवून सांगितलं.

सप्टेंबरमध्ये स्थळ पंचनाम्यासाठी तिकडे जावं लागलं. आई सोबत आली, एसटीनेच जाऊ म्हणाली. फाटक निळं होतं, आता हिरवं आहे. आवारात नव्या फरश्या, भिंतींवर फुलपाखरं रंगवलेली. माझ्या आठवणीतली पेटी तिथे नव्हती, पण भिंतीत चार खिळ्यांची भोकं तशीच होती आणि मी ती पंचांना दाखवली. कोठीघर आहे. दाराला नवं कुलूप आहे, उंबऱ्याचा दगड तोच, उजवीकडे टवका उडालेला. तो टवका माझ्या फिर्यादीत लिहिलेला होता. तपास अधिकाऱ्यांनी फोटो काढला, टेपने मोजलं. एक पंच माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी नजर खाली घातली. आतल्या बाजूला, जाळीमागे, सात-आठ मुलं रांगेत बसून डाळ निवडत होती. मला त्यांच्याकडे जाऊ दिलं नाही, नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे.

पोक्सोचा तपास दोन महिन्यांत पुरा करावा असं नवी संहिता म्हणते. आमच्या प्रकरणात ती मुदत उलटून गेली. दोघांपैकी एक काळजीवाहक निवृत्त झालेला, दुसऱ्याला अटक होऊन तो जामिनावर सुटला आहे. दोषारोपपत्र डिसेंबरमध्ये दाखल झालं. साक्षीला बोलावलं की मी तिकडच्या विशेष न्यायालयात जाणार. मॅडम मुंबईच्या, तिकडे त्यांच्याऐवजी दुसरे वकील मिळतील, पण उलटतपासणीची तयारी त्याच करून घेत आहेत, दर शनिवारी एक तास.

दोषारोपपत्राच्या आधी पोलिसांनी अस्सल कागद मागितले. भेटीच्या नऊ चिठ्ठ्या, केसपेपर, फिल्म. हवालदार घरी आले. आईने पिशवी मांडीवर घेतली आणि एकेक कागद हातात देताना मोठ्याने बोलत गेली, ही जुलैची, ही ऑगस्टची, ही गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवसाची. हवालदारांनी सगळे मोजून पाकिटात घातले आणि उठले.

"थांबा भाऊ," आई म्हणाली. "पोच द्या."

त्यांनी कोऱ्या कागदावर यादी लिहिली, खाली सही केली, बक्कल नंबर आणि तारीख टाकली. आईने ती पोच दोनदा वाचली, घडी घातली, रिकाम्या पिशवीत ठेवली, आणि पिशवी माझ्या हातात दिली माळ्यावर ठेवायला.